टपावरचा जनरेटर

विजेवर चालणाऱ्या गाडीवर पेट्रोलचा जनरेटर चढवला, तर ती गाडी विजेची राहते की पेट्रोलची होते, या प्रश्नापायी थोरल्या जावयांच्या घरी सकाळचा चहा निवून गेला. प्रश्न काढला होता धाकट्या जावयांनी. उत्तर कोणाकडेच नव्हतं, मत मात्र प्रत्येकाकडे होतं.

थोरले चष्म्यांच्या दुकानाचे मालक. गाडी त्यांची. धाकट्यांचा धंदा सभा-संमेलनांना तंबू, लाउडस्पीकर आणि जनरेटर भाड्यानं देण्याचा. दोघं एकमेकांचे साडू, म्हणजे समोरच्याचं ऐकायची सक्ती नाही आणि त्याला गप्प बसवायची सोयही नाही, असं ते नातं. थोरले बोलण्याआधी विचार करत. धाकटे बोलून झाल्यावरही करत नसत आणि म्हणून बहुतेक वेळा त्यांचंच चालत असे.

हे सगळं चाललं होतं सासूबाईंसाठी. त्या गेल्या वर्षापासून थोरल्यांकडेच राहत होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांना फोन आला होता. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, जिला त्या अजूनही 'बटण' म्हणत, ती आज रात्रीच्या बोटीनं लेकीकडे परदेशी निघाली होती. कायमची. सासूबाईंच्या वयाला हा शब्द फार जड पडतो. फोन ठेवून त्या थोरल्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "एकदा डोळ्यांनी बघून आले असते गं तिला."

बंदराचं गाव डोंगरापलीकडे. बस जाते, टॅक्सी जाते. पण पेट्रोल किंवा डिझेलचा नुसता वास आला तरी सासूबाईंच्या पोटात ढवळायचं. बसच्या पायरीवरूनच त्या परत फिरायच्या. याच कारणानं, आणि बटणलाही घर सोडून निघता येत नसल्यामुळं, दोघी मैत्रिणींची गेल्या कित्येक वर्षांत गाठ पडली नव्हती. सासूबाईंना सोसेल असं अख्ख्या जगात एकच वाहन होतं आणि ते थोरल्यांच्या दारात उभं होतं.

"पोचेल ना हो गाडी?" थोरलीनं नवऱ्याला विचारलं.

"कंपनी म्हणते पोचते."

"तुम्ही काय म्हणता?"

थोरले चष्मा काढून पुसू लागले. गाडी घेतल्यापासून ती घर आणि दुकान यांच्यापलीकडे गेली नव्हती. दुकानाच्या काचेवर 'आम्ही धुराला निरोप दिला' अशी पाटी त्यांनी हौसेनं लावली होती आणि गिऱ्हाइकांना ते गाडीचे गुण ऐकवायचे. पण रस्त्यात बॅटरी संपली तर काय, या विचारानं ते बाजारात वळसा घेऊन जायलाही घाबरत.

"त्यात काय एवढं," धाकटे म्हणाले. ते सकाळी सकाळी सल्ला द्यायलाच आले होते. "मागच्या चाकाला डायनामो लावू. सायकलला नसतो का? चाक फिरलं की दिवा लागतो. तुमची चाकं तर दिवसभर फिरणार. फुकट."

"फुकट नाही फिरत. बॅटरी फिरवते त्यांना."

"बरोबर. बॅटरी चाक फिरवते, चाक डायनामो फिरवतं, डायनामो बॅटरी भरतो. मग अडलं कुठं?"

कुठंतरी अडलंय हे थोरल्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ती जागा सापडत नव्हती. त्यांनी बशी पुढं ओढली. ही गाडी, म्हणाले. त्यात बिस्किट ठेवलं. ही बॅटरी. मग चमचा हातात घेऊन तो चाक म्हणावा की डायनामो याचा ते विचार करू लागले, तेवढ्यात धाकट्यांनी बॅटरी चहात बुडवून खाऊन टाकली.

"म्हणजे आपलीच शेंडी धरून आपल्याला वर उचलायचं," सासूबाई म्हणाल्या.

"शेंडी नाही आई, डायनामो."

"तसं होत असतं तर कंपनीनंच नसता का लावून दिला?" थोरली म्हणाली.

"कंपनीला वीज विकायची असते, ताई."

पण डायनामो बसवायला वेळ नव्हता, म्हणून धाकट्यांनी स्वतःच तो बेत मागं घेतला आणि भाड्याच्या जनरेटरांपैकी सगळ्यात छोटा बरोबर घ्यायचं सुचवलं. त्याला चाक नको की काही नको, तो पेट्रोलवर चालतो.

"म्हणजे गाडी पेट्रोलची झाली," थोरले म्हणाले.

"गाडी विजेचीच. वीज तेवढी पेट्रोलची."

"मग पेट्रोलची गाडी काय वाईट होती?" थोरलीनं विचारलं.

"पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल पोटात असतं. हे डोक्यावर राहील. आईंना वास येणार नाही. आणि टाकी मी रिकामीच आणतो, लागलंच तर वाटेत भरू."

थोरल्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. त्या पदर खोचून, पायात चपला घालून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. थोरल्यांनी मान डोलावली. अट एकच घातली, की जनरेटर चादरीखाली झाकायचा. धुराला निरोप देणाऱ्या माणसाच्या टपावर धुराचं यंत्र गावानं बघायला नको.

फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेला जनरेटर टपावर बांधून गाडी निघाली. पुढं थोरले आणि धाकटे, मागं थोरली आणि सासूबाई. डिकीत केबल, चार्जरचा डबा आणि धाकट्यांची तंबू ठोकायची हत्यारं होती, कारण ती कायम जनरेटरबरोबरच असत. गाव मागं पडेपर्यंत सगळं छान होतं. मग वारा चादरीत शिरून फडफडायला लागला आणि समोरच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येऊ लागला.

"अहो, हे फारच भराभर उतरतंय," थोरली मागून म्हणाली.

"डोक्यावर ओझं आहे ना. शिवाय वारा अडतोय," थोरले म्हणाले.

"मग बरंच झालं जनरेटर घेतला ते," धाकटे म्हणाले. "एवढं भराभर उतरत असेल तर तो लागणारच."

"जनरेटर आहे म्हणून उतरतंय."

"तेच म्हणतोय मी. घेतला नसता तर आज केवढ्याला पडलं असतं."

थोरले पुढचा बराच रस्ता हे वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करून बघत राहिले. त्यात चूक होती, पण तिला हात कुठून घालावा हे कळेना. शेवटी बॅटरी वाचवायला त्यांनी एसी बंद केला आणि सगळे घाम पुसू लागले.

वाटेत एक चार्जिंगची जागा लागली. तिथं दोन गाड्या आधीच रांगेत होत्या. थोरल्यांनी वेग कमी केला. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवल्यासारख्या सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मग न राहवून त्यांनी घड्याळाकडं बघितलंच.

"रांगेत कशाला थांबता?" धाकटे म्हणाले. "तहान लागली म्हणून विहिरीवर जायचं, ते घरात माठ नसेल तर. आपला माठ टपावर आहे."

एरवी थोरले थांबले असते. पण आरशात सासूबाईंचं तोंड दिसलं आणि त्यांनी गाडी पुढं काढली. टपावर जनरेटर नसता तर आपण इथं निमूट थांबलो असतो, हे त्यांच्या लक्षात आलं ते बरंच पुढं गेल्यावर.

मग पेट्रोल पंप आला. सासूबाई आणि थोरली अलीकडंच उतरल्या आणि नाकाला रुमाल लावून रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं पुढं चालत गेल्या. पंपावरचा माणूस हातात नळी घेऊन गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आला.

"झाकण कुठंय साहेब?"

"झाकण नाही," थोरले पुटपुटले.

"टपावर घाला," धाकटे म्हणाले आणि त्यांनी चादर वर केली.

"गाडी विजेची दिसतेय."

"विजेचीच आहे."

"मग पेट्रोल कशाला?"

"विजेला," धाकटे म्हणाले.

पंपवाला थोडा वेळ नळीकडं बघत राहिला आणि मग शिडी आणायला गेला. शेजारी पेट्रोल भरून घेणाऱ्या गृहस्थांनी मान वळवली. नाकावरचा चष्मा थोरल्यांच्याच दुकानातला होता, आणि चष्मा चांगला असल्यामुळं त्यांना थोरले लगेच ओळखू आले.

"अहो चष्मेवाले, तुम्ही आणि पंपावर?"

"हवा भरायला आलोय," थोरले म्हणाले.

गृहस्थांनी शिडीवर चढलेल्या पंपवाल्याकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. काही न बोलता ते निघून गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं थोरल्यांना फार वाटलं.

डोंगराच्या पायथ्याशी आकडा लाल झाला. सात टक्के. समोर चढ होता आणि चढापलीकडं बंदर. धाकट्यांना मात्र आता खरा उत्साह आला. गाडी कडेला घेऊन ते टपावर चढले, दोरी ओढून जनरेटर सुरू केला आणि चार्जरची केबल खाली सोडून गाडीच्या तोंडात घातली.

"चला," टपावरून उतरत ते म्हणाले. "आता जातच राहायचं. खाली खर्च, वर जमा."

थोरल्यांनी पाय दाबला. गाडी जागची हलली नाही. पडद्यावर अक्षरं आली, की केबल लावलेली असताना गाडी चालणार नाही.

"हिला कळतं कसं?" धाकट्यांनी विचारलं.

"तशीच बनवलीय. कोणी केबलसकट निघून जाऊ नये म्हणून."

"पण आपण केबल घेऊनच जातोय की. जनरेटर आपल्याबरोबर येतोय."

"ते तिला माहीत नाही."

"मग तिला सांगा."

थोरल्यांनी केबल काढली. गाडी चालायला तयार झाली, पण आता ती भरणार नव्हती. केबल लावली. आता भरायला तयार, पण चालणार नव्हती. धाकट्यांनी दोन्ही करून बघितलं, केबल अर्धवट लावूनही बघितली.

"म्हणजे चालली की भरत नाही आणि भरली की चालत नाही," ते म्हणाले. "मग हा जनरेटर गाडीवर आणायचा कशाला? घरी ठेवला असता तरी चाललं असतं."

"घरी ठेवला असता तर इथं गाडी भरली कशी असती?"

"इथं तरी कुठं भरतेय?"

हे मात्र खरं होतं. चार्जरच्या डब्यावर हिरव्याच्या जागी लाल दिवा लुकलुकत होता. थोरल्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून एका बाईंचा गोड आवाज आला.

"नमस्कार. आपली गाडी सध्या घरी चार्ज होत आहे की कार्यालयात?"

"टपावर," थोरले म्हणाले.

पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"आपल्या इमारतीला अर्थिंग आहे का?"

"इमारत नाहीये. रस्ता आहे."

"मग इमारतीच्या मालकांशी बोलून घ्या," बाई म्हणाल्या आणि आणखी काही मदत हवी आहे का असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

अर्थिंग हा शब्द धाकट्यांच्या मात्र ओळखीचा होता. तंबूच्या कामात जनरेटरची एक तार जमिनीत सोडावी लागते, तसं काहीतरी असणार, असं म्हणून त्यांनी जनरेटर खाली उतरवला, सासूबाईंना वास येऊ नये म्हणून केबल पुरेल तेवढा लांब ठेवला, डिकीतून लोखंडी खुंटा काढला आणि रस्त्याच्या कडेला ठोकला. जनरेटरपासून खुंट्यापर्यंत तार बांधली. दिवा लालच. माती कोरडी होती म्हणून सगळ्यांचं प्यायचं पाणी खुंट्याभोवती ओतलं. दिवा लालच. मग धाकट्यांनी प्लग उघडून आत काहीतरी केलं. काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि थोरल्यांनी विचारलं नाही. दिवा हिरवा झाला.

रस्ता दाबायचा रोलर घेऊन एक जण हळूहळू शेजारून चालला होता. त्याला थांबायला फारसे कष्ट पडले नाहीत.

"खुंट्याला का बांधलीय गाडी?" त्यानं विचारलं. "पळते का?"

"पळत नाही म्हणूनच बांधलीय," थोरले म्हणाले. त्यावर थोडा विचार करून रोलरवाला पुढं गेला.

जनरेटर गुरगुरत होता. सगळे पडद्यापुढं मान घालून बसले. सात. सात. सात. बऱ्याच वेळानं आठ. धाकट्यांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं पाहिलं. थोरल्यांनी मात्र मनाशी हिशेब केला. या वेगानं डोंगर चढण्याइतकी बॅटरी भरेपर्यंत मध्यरात्र होणार होती. तोवर बोट समुद्रात.

त्यांना हे सांगावं लागलं नाही. सासूबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं.

"राहू द्या हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढं केलंत. बोलेन तिच्याशी फोनवर." आणि त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं.

थोरल्यांना स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पाटी लावली, मिरवलं, आणि या बाईंनी आयुष्यात एकदा कुठं न्या म्हटलं तर आपण त्यांना आणून एका खुंट्याजवळ बसवलं. ते उतरून गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. धाकटे खुंट्याची तार उगाच घट्ट करत बसले.

फोन लावला तो थोरलीनं. पलीकडच्या आवाजाला तिनं सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं तिला कळलं होतं तेवढं. पलीकडून विचारलं गेलं, "विजेची गाडी आणि पेट्रोल संपलं?" थोरली म्हणाली, "नाही मावशी, पेट्रोल आहे, वीज संपली." पलीकडून उत्तर आलं, "मला काही कळलं नाही. कुठं आहात तेवढं सांग."

ऊन कलायच्या आत डोंगरावरून एक टॅक्सी उतरली आणि समोर थांबली. टपावर दोन मोठ्या बॅगा बांधल्या होत्या. दारातून आधी काठी बाहेर आली आणि मग एक बुटक्या, गोल आजीबाई.

"कुठं आहे ते लाटणं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई शाळेत असताना लाटण्यासारख्या सरळसोट होत्या, हे जावयांना त्या दिवशी कळलं. त्या गाडीतून उतरल्या आणि दोघी एकमेकींना धरून रस्त्यातच उभ्या राहिल्या. थोरलीला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"किती म्हातारी झालीस गं," बटण म्हणाली.

"तू काय अजून शाळेत जातेस?" सासूबाई म्हणाल्या.

मग बटणमावशींनी जनरेटर, खुंटा आणि केबल यांच्याकडं एकदा बघून घेतलं आणि थोरल्यांना विचारलं, "तुम्हाला परत जायला किती भरायला लागेल?"

"मागं एक चार्जिंगची जागा आहे. तिथपर्यंत जायला पंधरा टक्के झाले तर पुरे."

"आता किती आहेत?"

"नऊ."

"मग ठरलं. पंधरा झाले की मी उठणार," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "आपल्या दोघींवर सोडलं तर काही खरं नाही. शाळा सुटली की मी तुला घरी पोचवायला यायची, मग तू मला, मग पुन्हा मी तुला. शेवटी कोणाची तरी आई काठी घेऊन यायची. आज गाडी सांगेल तेव्हा निघायचं. रडायचं नाही."

दोघी मागच्या सीटवर बसल्या. जनरेटरचा आवाज आणि वास नको म्हणून दारं लावून घेतली. आकडा सांगायला कोणीतरी हवं, म्हणून थोरले पुढं बसले. थोरली आणि धाकटे बाहेर चादर पसरून तिच्यावर बसले. टॅक्सीवाला आपल्या गाडीत झोपला.

थोरल्यांना ऐकायचं नव्हतं, पण कान बंद करता येत नाहीत. एका बाईंचा नवरा कसा गेला ते दुसऱ्या बाईंनी पहिल्यांदा नीट ऐकलं. मग गणिताच्या बाईंची नक्कल झाली. मग परदेशातल्या लेकीच्या घरात एक खोली आपल्यासाठी रंगवून ठेवलीय, पण तिथं भांडायला कोणी असेल का, असं बटणमावशी म्हणाल्या. बटणमावशींच्या स्वेटरचं एक बटण तुटलं होतं. सासूबाईंनी पर्समधून सुईदोरा काढला. तुटलेलं बटण एकच होतं, पण ते लावून झाल्यावर बाकीचीही सैल आहेत असं म्हणून त्यांनी ती एकेक करून उसवली आणि पुन्हा लावायला घेतली.

"किती झाले हो?" मागून अधूनमधून प्रश्न यायचा.

"दहा."

"आता?"

"बारा."

दुपारी गोगलगायीसारखा सरकणारा आकडा आता कोणी मागं लागल्यासारखा पळत होता. निदान थोरल्यांना तरी तसं वाटलं. तेरा झाले. मग चौदा.

"चौदा," थोरले म्हणाले. मागं सुई थांबली.

बटणमावशी चष्म्याची डबी शोधायला पिशवीत वाकल्या होत्या. तेवढ्यात सासूबाई पुढं झुकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, हे जरा सावकाश नाही का भरता येत?"

थोरल्यांनी आरशात पाहिलं. मग त्यांनी एसी सुरू केला आणि शेवटच्या आकड्यावर नेला. पुढचे दिवे लावले, मागचे लावले. मागच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं, तिथं धुकं नव्हतं तरी. मागची सीट गरम करायचं बटण आजवर त्यांनी कधी वापरलं नव्हतं, तेही दाबलं. पडद्यावरचा आकडा डळमळल्यासारखा झाला आणि चौदावरच बसला. जनरेटरकडून जेवढं येत होतं तेवढंच गाडी खात होती.

भर उजेडात दिवे लागलेले बघून धाकटे लगबगीनं उठून आले आणि पुढची काच ठोठावू लागले. थोरल्यांनी ती थोडी खाली केली.

"दिवे कशाला लावलेत?"

"लागले."

"आणि एसी?"

"आईंना उकडतंय."

"अहो साडूभाऊ, मग भरणार कसं? इकडून येतंय आणि तिकडून जातंय. जेवढं येतं तेवढंच खर्च केलं तर बॅटरी जिथल्या तिथं राहणार, हे एवढं साधं तुम्हाला कळत नाही?"

थोरल्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. सकाळपासून हेच एक वाक्य ते बशी, बिस्किट आणि चमच्यातून शोधत होते.

"नाही कळत," ते म्हणाले. "मला नीट समजावून सांगा. इथं नको, तिकडं चला."

आणि दिवे तसेच, एसी तसाच ठेवून ते उतरले. धाकट्यांनी चादरीवर बसून त्यांना पहिल्यापासून समजावलं. एक दगड गाडी म्हणून घेतला, एक जनरेटर म्हणून. थोरले फार मंदपणे समजत होते. पुन्हा सांगा म्हणत होते. गाडी चालताना वेगळं आणि उभी असताना वेगळं का, असं विचारत होते. धाकट्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी एवढं मन लावून ऐकत होतं, त्यामुळं ते दमले नाहीत. थोरलीनं गाडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि तिनंही एक प्रश्न विचारला.

शेवटी गाडीचं दार आतून उघडलं गेलं. काठी बाहेर आली आणि पाठोपाठ बटणमावशी, स्वेटर गळ्यापर्यंत लावून, हात चोळत.

"अजून पंधरा नाही झाले," सासूबाई आतून म्हणाल्या.

"नाहीच होणार. माझ्या बोटांना थंडीनं मुंग्या आल्यात आणि खालून बूड भाजतंय," बटणमावशी म्हणाल्या. "आणि मला जवळचं दिसत नसलं तरी लांबचे आकडे चांगले दिसतात. तो कधीपासून चौदावर आहे ते बघतेय मी. मीही काही बोलले नाही." त्यांनी आत वाकून सासूबाईंच्या गालाला हात लावला. "पण बोटीला हे सांगता येत नाही गं."

रडायचं नाही हे ठरलेलं होतं. ते दोघींनाही जमलं नाही.

टॅक्सीत बसण्याआधी बटणमावशी थोरल्यांपुढं थांबल्या. "गाडी चांगली आहे तुमची," त्या म्हणाल्या. "माझी मेली टॅक्सी सारखी निघायचं बघते. ही थांबते."

टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत सासूबाई हात हलवत उभ्या होत्या आणि ती गेल्यावरही थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग येऊन मागच्या सीटवर बसल्या. थोरल्यांनी दिवे बंद केले, एसी बंद केला, सीटचं आणि काचेचं बटण बंद केलं. धाकटे खुंटा उपटायला निघाले होते, त्यांना हातानं थांबवलं.

"पंधरा झाले, आई," काही वेळानं थोरले म्हणाले. "निघू या?"

सासूबाईंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. ती अजून गरम होती.

"वीस होऊ द्या," त्या म्हणाल्या.